सासरे विचारतात, हा काय तान्ह्या पोळ्याचा बैल आहे का?

पत्र थोडक्यात असं आहे. नागपूरच्या मनीषनगरातल्या एका आईने लिहिलंय. मुलगा पुढच्या महिन्यात तीन वर्षांचा होतोय आणि ट्रेनवेडा आहे, अजनीच्या पुलावर नेलं की तासभर जागचा हलत नाही, घरी आला की मोबाईलवर ट्रेनचे व्हिडिओ. आईला वाटतं वाढदिवसाला लाकडी ट्रेन सेट दिला तर मोबाईल सुटेल. तीन आठवडे ती रिव्ह्यू वाचतेय आणि आता डोकं बंद पडलंय. नवऱ्याने १०० पीसेसचा सेट कार्टमध्ये टाकून ठेवलाय, "एकदाच घे, मोठाच घे." पुण्याच्या जाऊबाई म्हणतात घ्यायचा तर परदेशी ब्रँडचाच, बाकी सगळा कचरा. सासरे अजनीच्या लोको शेडमधून रिटायर झालेले, त्यांना बॅटरीवाली, लाइट लागणारी, शिट्टी मारणारी गाडी हवी, लाकडी सेटचा फोटो बघून म्हणाले, "हा काय तान्ह्या पोळ्याचा बैल आहे का, दोरी बांधून ओढायला?" बजेट चार-पाच हजार. तिचं म्हणणं एवढंच की एकच नाव सांगा, चूक झाली तर पैसेही जातील आणि घरात वर्षभर ऐकून घ्यावं लागेल. ताजा कलम एका ओळीचा: धाकटी नऊ महिन्यांची आहे, आता रांगते.

ताई,

सासऱ्यांच्या वाक्याला मला एवढं हसू आलं की पुढचं पत्र दोनदा वाचावं लागलं. तर पहिलं उत्तर त्यांनाच देते. हो आबा, हा तान्ह्या पोळ्याचा बैलच आहे. लाकडाचा, चाकं लावलेला, दोरीने ओढायचा, ना लाइट ना आवाज, आणि तरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडचे पोट्टे तो सजवून घरोघरी बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत फिरतात आणि घरी आल्यावर बैल उशाशी घेऊन झोपतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये हा सण सुरू केला असं सांगतात, म्हणजे दोनशेच्या वर वर्षं झाली आणि अजून कोणी म्हटलं नाही की बैलात सेल टाका, हंबरला पाहिजे. बैल हंबरत नाही म्हणून पोरगं हंबरतं. ट्रेनचंही तेच होणार, इंजिन शिट्टी मारणार नाही म्हणून शिट्टी तुमचा मुलगा मारेल, सकाळी सहापासून मारेल, त्याची तयारी ठेवा.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही असं धरून चाललाय की बाजारात कुठेतरी एक "बरोबर" सेट आहे आणि तो नाही सापडला तर सगळं वाया. तीन आठवडे रिव्ह्यू वाचून माणसाचं असंच होतं. मी पण यातून गेलेय, फक्त तेव्हा रिव्ह्यू नव्हते म्हणून मी न वाचताच चूक केली. माझा मुलगा तीन वर्षांचा असताना एका प्रदर्शनातून साठ-सत्तर तुकड्यांचा लाकडी सेट आणला, अगदी तुमच्या मिस्टरांच्या हिशेबाने, एकदाच आणि मोठा. जुलै आला आणि रुळांच्या खुंट्या फुगल्या, जोर लावला तर दोन तुटल्या. पुढच्या वर्षी त्याच्या मामाने दुसऱ्या दुकानातून पूल आणला तर तो आमच्या रुळांना बसेचना. सगळा पसारा मग माळ्यावर गेला आणि खाली राहिलं काय, तर एक इंजिन नि दोन डबे, ते तो पोळ्याच्या बैलामागे सुतळीने बांधून घरभर ओढायचा. बैल इंजिन आणि इंजिन डबा. वर्षभर तेच चाललं.

तेव्हा मला हे माहीत नव्हतं की लाकडी ट्रेनमध्ये बघायची पहिली गोष्ट ब्रँड नाही, गेज आहे, म्हणजे रुळांच्या रुंदीचं माप. हे आबांना सांगा, ते एका मिनिटात खुर्ची पुढे ओढतील. नागपूरच्या माणसाला गेज समजवावं लागत नाही. इतवारीहून उमरेड, भिवापूर, नागभीडला जाणारी छोटी लाइन २०१९ पर्यंत चालू होती, रूळ ७६२ मिलिमीटरचे, आणि मेन लाइन १६७६ ची, मग कितीही भारी इंजिन असलं तरी इकडचं तिकडे जाणार नाही. खेळण्यातही असंच आहे. स्वीडनच्या ब्रिओ कंपनीने १९५८ मध्ये लाकडी रेल्वे काढली, साधारण ४० मिलिमीटर रुंद आणि १२ मिलिमीटर जाड बीच लाकडाच्या पट्ट्या, त्यात चाकांसाठी दोन खाचा, एका टोकाला गोल खुंटी आणि दुसऱ्या टोकाला तिचं भोक. पुढे बाकीच्यांनी साधारण तेच माप धरलं. त्यामुळे हापे, बिगजिग्स, आयकियाचे लाकडी रूळ हे बहुतेक एकमेकांना लागतात, थोडं सैल थोडं घट्ट होईल पण गाडी चालते. याचा अर्थ काय, की तुम्ही आज घेताय तो शेवटचा सेट नाही. आज एका कंपनीचा लहान घ्या, दिवाळीत दुसऱ्या कंपनीचा पूल, पुढच्या वर्षी सोसायटीतल्या कोणाचं पोरगं मोठं झालं की त्यांचं जुनं पोतं. "एकदाच" हा शब्दच काढून टाका, निम्मं टेन्शन तिथेच गेलं.

फक्त घेण्याआधी विक्रेत्याला विचारा किंवा बॉक्सवर बघा, की हे रूळ इतर लाकडी रुळांना जोडता येतात का. लिहिलेलं नसेल तर रुंदी विचारा. ४० मिलिमीटरच्या आसपास आणि गोल खुंटीवाला जोड असेल तर बरंच काम झालं, त्रिकोणी किंवा आडव्या कुलपासारखा जोड दिसला की सोडून द्या. प्लास्टिकचे खटके असलेले बॅटरीवाले सेट या जगात येतच नाहीत, त्यांची लाइनच वेगळी.

आता १०० पीसेस. मिस्टरांना म्हणा की कार्टमधल्या त्या सेटचा फोटो मोठा करून फक्त रूळ मोजा. मी असे चार-पाच फोटो मोजले आहेत (हो, मला तेवढा वेळ आहे), आणि दरवेळी झाडं, माणसं, पाट्या, सिग्नल, गायीसुद्धा आकड्यात निघतात. झाडं वाईट नाहीत, पण पोरगं झाडं चालवत नाही. आणि जे रूळ असतात त्यात वळणाचे आणि सरळ एवढेच असतील तर १०० असोत की ४०, बनणार एकच, मोठी लंबगोल पट्टी. गाडी गोल फिरते, पुन्हा गोल फिरते. ते मोठ्यांना बघायला छान वाटतं, फोटो पण छान येतो, पण तीन वर्षांचं पोर पाचव्या फेरीला ती पट्टी मधूनच तोडतं आणि आपण म्हणतो अरे मोडू नको. ताई, ते मोडत नसतं, त्याला गाडी दुसरीकडे न्यायची असते.

दुसरीकडे न्यायची तर सांधा लागतो, म्हणजे एका लाइनला दोन फाटे फोडणारा रूळ. माझं ऐकाल तर पैसे सांध्यांवर खर्च करा. आबांना विचारा, सांधेवाला नसता तर अजनीहून गाडी कुठे गेली असती. एक सांधा आला की लूप लाइन होते, एक गाडी थांबते, दुसरी पुढे जाते, मालगाडी साइडिंगला उभी राहते, कोणीतरी चिडतं की आमची विदर्भ लेट झाली, आणि तिथून पुढचा खेळ सांगावा लागत नाही. आठ वळणं म्हणजे पूर्ण गोल होतो, एक एक वळण ४५ अंशांचं असतं, साधारण मोठ्या परातीएवढी जागा लागते, म्हणजे टू बीएचकेत सोफा आणि टीव्हीच्या मध्ये आरामात बसतं. त्यात चार-सहा सरळ आणि दोन सांधे, एवढं सुरुवातीला खूप झालं. कुठे चौकातला तुकडा मिळाला, एक रूळ दुसऱ्याला आडवा छेदून जातो तो, तर तो घ्याच. आपल्या गावाचं डायमंड क्रॉसिंग बघायला लोक बाहेरून येतात आणि आपल्या पोराच्या सेटमध्ये नुसता गोल, हे बरं नाही दिसत.

एक गोची सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच दिवशी तुम्हाला वाटेल तुकडे कमी आले. सांधा लावला की फिरून आलेल्या लाइनच्या शेवटी कधी खुंटीसमोर खुंटी येते, कधी भोकासमोर भोक. त्यासाठी दोन्हीकडे खुंटी आणि दोन्हीकडे भोक असलेले छोटे तुकडे असतात, सेटमध्ये आहेत का बघून घ्या, नसतील तर सुटे घ्या. आणि रुळांना दोन्ही बाजूंनी खाचा आहेत का तेही बघा, असतील तर उजवं वळण पालथं केलं की डावं होतं, एका बाजूलाच खाचा असतील तर तुमचे निम्मे नकाशे अडतील.

आता तुमचा ताजा कलम. मला अख्ख्या पत्रात तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली आणि तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली. रांगणारं बाळ घरात असताना सेट मोठ्याचा नसतो, जमिनीवर जे आहे ते सगळं धाकटीचं असतं. म्हणून ब्रँडच्या आधी हे बघा. लाकडी डबे एकमेकांना चुंबकाने जोडतात. चांगल्या गाडीत ते चुंबक कडीत पक्के बसवलेले असतात, स्वस्तात नुसते गोंदाने चिकटवलेले असू शकतात. एक चुंबक गिळला तरी दवाखाना, पण दोन गिळले तर ते आतड्याच्या दोन वेगळ्या वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधलं आतडं चिमटतं आणि त्याला भोक पडू शकतं. बाहेरून बाळ काही वेळ अगदी बरं दिसतं, म्हणून "शीमधून पडेल" म्हणत वाट बघायची नाही, शंका आली तरी सरळ हॉस्पिटल, रात्र असो की रविवार. हे घाबरवायला सांगत नाहीये, सेट घेऊ नका असंही म्हणत नाहीये. डबा हातात आला की प्रत्येक चुंबक नखाने आणि मग पकडीने ओढून बघा, हलला तर सेट परत. आणि दर काही दिवसांनी पुन्हा बघा, कारण पोरं गाड्या आपटतात.

बॉक्सवरचं ३+ हे पोरगं हुशार आहे की नाही यासाठी नसतं. खूप आया म्हणतात आमचा वयाच्या पुढे आहे, चालेल. ते गिळण्यासाठी असतं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यात घशात अडकेल असा तुकडा नको म्हणून चाचणीत ३१.७ मिलिमीटर रुंदीचं एक छोटं नळकांडं वापरतात, जो तुकडा त्यात पूर्ण मावला तो नको. जुन्या कॅमेऱ्याच्या रोलची डबी घरात कुठे पडली असेल तर ती जवळपास तेवढीच असते, सेट उघडला की माणसं, पाट्या, सिग्नलचे दिवे एकेक करून त्यात टाकून बघा. जे मावेल ते धाकटी तीनची होईपर्यंत कपाटात, वरच्या खणात. म्हणजे बघा, त्या १०० पीसेसमधले किती तसेही कपाटातच जाणार आहेत.

बॅटरीचंही इथेच सांगते. आबांचं इंजिन आणायला माझी ना नाही, लाकडी रुळांवर चालणारी बॅटरीची इंजिनं मिळतात, पण सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा हवा, आणि बटण सेलवालं कधीच नको. बटण सेल गिळला तर घसा आतून भाजतो, तो चुंबकाहून वाईट. माझ्या मते ते इंजिन आता नको, एखाद वर्षाने आणा. मुलाने हाताने चालवून चालवून स्वतःच्या लाइन तयार केल्या की मग त्या लाइनवर आबांचं इंजिन धावू द्या, आधीच आणलं तर पोरगं बाजूला बसून फक्त बघेल आणि तो व्हिडिओच झाला.

लाकूड म्हटलं की सगळं नैसर्गिक आणि सेफ, हाही एक समज असतो. लाकूड ठीक आहे हो, पण धाकटी लाकूड चाटत नाही, रंग चाटते. २००७ मध्ये अमेरिकेत थॉमस अँड फ्रेंड्सच्या लाकडी रेल्वेतले सुमारे १५ लाख तुकडे परत मागवावे लागले, कारण वरच्या रंगात शिसं होतं. नाव मोठं होतं, लाकूड पण खरं होतं. म्हणून जाऊबाईंचं "ब्रँडच घे" निम्मंच बरोबर आहे. आपल्याकडे आता एक सोय आहे, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, देशी असो की परदेशी. बिनबॅटरीच्या खेळण्याला आयएस ९८७३ आणि बॅटरीवाल्याला आयएस १५६४४, आणि मार्कखाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर. तो नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कोणाचा आहे ते कळतं. ऑनलाइन फोटोत मार्क दिसत नसेल तर विक्रेत्याला बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, "सर्टिफाइड है मॅडम" एवढ्यावर पैसे पाठवू नका. चन्नपट्टणाची किंवा आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी असतील तर गोष्ट वेगळी, नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या नियमातून सूट आहे, त्यामुळे मार्क नाही म्हणजे खोटं असं नाही. चन्नपट्टणाची गाडी लाखेने रंगवलेली असते, हाताला गुळगुळीत, सुंदर. पण ती बहुतेक दोरीने ओढायची असते, रुळांवरची नाही. बैल म्हणाल तर तोच खरा बैल.

ब्रँडबद्दल एवढंच की परदेशी सेट महाग दिसतो तो सगळा दर्जाचा पैसा नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. तुमच्या चार-पाच हजारांतले बरेच तिथे जातात. मी असते तर रूळ ठीकठाक देशी घेतले असते आणि सांधे जरा चांगल्यातले, कारण रूळ सरळच असतात, खराब निघतात ते सांधे. चांगल्या आणि स्वस्तातला फरक हाताला कळतो, खाच आतून खरखरीत असेल तर गाडी अडते, आणि कड धारदार असेल तर बोटात लाकडाची कुसळं घुसतात. म्हणून जमलं तर सीताबर्डी नाहीतर धरमपेठेत एखाद्या दुकानात जाऊन एक तुकडा हातात घेऊन बघा, ऑर्डर मग कुठूनही करा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या.

"मॉन्टेसरी", "एज्युकेशनल", "ब्रेन डेव्हलपमेंट" हे शब्द दिसले तर ते वाचू नका, पुढे जा. कोणीही कशावरही छापतं. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवल्या त्या शंख-शिंपले, बिया, दगड असल्या आजूबाजूच्या वस्तूंवर. तुमच्या मुलाला दोन वाट्या आणि एक पट्टी दिली तरी तो अजनीचा पूल करेल, बघा करून.

आणि मोबाईल. यावर तुम्ही चिडाल कदाचित, पण सेट आणला की मोबाईल सुटेल असं मला नाही वाटत. पहिले चार दिवस सुटेल आणि पाचव्या दिवशी सेट कोपऱ्यात आणि हातात मोबाईल, मग तुम्हाला वाटेल चुकीचा सेट घेतला. सेट चुकीचा नसतो, त्याला सोबत कमी पडते. तीन वर्षांचं मूल एकट्याने रूळ जोडत नाही, त्याच्या बोटांत तेवढा जोरही नसतो, कोणीतरी शेजारी बसून दोन रूळ जोडून द्यावे लागतात आणि मग गप्प बसावं लागतं. दुसरं जास्त कठीण. डबा उलटा लागला तर चुंबक ढकलतो, जोडतच नाही, पोरगं चिडतं, आपला हात लगेच पुढे जातो. थोडं थांबा. दोन-तीन दिवसांत त्याचं त्याला कळतं की फिरवला की चिकटतो. आणि व्हिडिओंचा एवढा राग धरू नका, ट्रेनचं वेड त्याला तिथूनही लागलंय. व्हिडिओत मालगाडी बघितली असेल तर संध्याकाळी म्हणा, चल आपण ती लावू, कोळसा काय घेऊ, उडीद घेऊ का? (नको, धाकटी आहे. वीस रुपयाच्या काळ्या लोकरीचे गोळे करा, मोठे.)

सोबतीला तुमच्याकडे माणूस तयार आहे, फक्त तुम्ही त्याला विरोधी पक्षात बसवलंय. लोको शेडमध्ये नोकरी केलेला माणूस लाकडी इंजिन बघून "हे काय" म्हणणारच, त्याने खरं इंजिन उघडलेलं आहे. त्यांना सेट दाखवून मत विचारू नका, त्यांना सांगा की लेआउट तुम्ही करा, यार्ड कसं असतं ते याला दाखवा. घेण्याआधी एका रविवारी दोघांना मोतीबागच्या नॅरो गेज म्युझियमला पाठवा, २००२ पासून आहे आणि नागपूरच्या कितीतरी लोकांनी अजून बघितलेलं नाही, छोट्या लाइनची इंजिनं तिथे हात लावता येईल एवढी जवळ आहेत. आल्यावर आबा काय काय सांगतात ते ऐका, बॅटरीची गोष्ट निघणार नाही. निघाली तर म्हणा पुढच्या वर्षी, तुमच्या हस्ते. आणि हो, नातवाने सांधा चुकीचा लावला, गाडी रुळावरून उतरली, तर चौकशी बसवू नका म्हणावं.

ज्यांचं बजेट चार-पाच हजारही नाही त्यांच्यासाठी, कारण अशी पत्रं पण येतात. एक साधं इंजिन आणि दोन डबे घ्या, रूळ घेऊच नका. फरशीवर खडूने लाइन काढा, नाहीतर रंगीत चिकटपट्टी लावा, वळण हवं तिथे, सांधा हवा तिथे, पुसून पुन्हा. पूल, स्टेशन, बोगदा हे लकडगंजमध्ये एखाद्या सुताराकडे सागाचे तुकडे मागून होतं, खरं सागवान, प्लाय किंवा पॅकिंगच्या खोक्याचं लाकूड नको. घरी १२० नंबरचा आणि मग २२० चा पॉलिश पेपर मारा, कडा गोल करा, वर काही लावू नका. लावायचंच तर खायचं जवसाचं तेल पातळ हाताने, हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल नको, त्यात लवकर वाळायला भलतं काही घातलेलं असतं. आणि ती तेलाची चिंधी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपली आपण तापून पेट घेऊ शकते, आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. पाण्याच्या बादलीत टाका, नाहीतर मोकळी पसरून वाळवा. रूळ मात्र सुताराकडून करून घेऊ नका, खुंटीचं माप जरासं जरी हललं तरी काही जुळत नाही, मी करून बघितलंय.

जपणुकीचं नागपूरसाठी वेगळंच आहे, कोणत्या बॉक्सवर लिहिलेलं नसतं. बीच लाकूड हवेतलं पाणी लवकर पितं. पावसाळ्यात जोड घट्ट होतात, एप्रिल-मेमध्ये सैल, त्यामुळे जुलैत आणलेला सेट घट्ट वाटला तर लगेच परत करू नका, आणि खुंटी घासायला तर मुळीच घेऊ नका, उन्हाळ्यात ती गळून पडेल. आणि कूलर. आपल्याकडे सगळ्यात मोठी मोकळी फरशी कूलरसमोर असते आणि पोरं तिथेच पसरतात, उन्हाळाभर ओली हवा रुळांवर. खेळू द्या, पण रात्री उचलून आतल्या खोलीत ठेवा. धुवायचा नाही, ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवायचा, गच्चीवर उन्हात टाकला की रूळ वाकतो आणि वाकलेला रूळ पुन्हा सरळ होत नाही.

तर तुम्ही विचारलं एकच नाव सांगा, ते मी सांगितलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. यादी देते. बाकीच्या रुळांना लागणारा, आयएसआय मार्क असलेला, बिनबॅटरीचा, वीस-पंचवीस रुळांचा लहान सेट, दोन सांधे त्यात असले तर बरंच, नाहीतर सुटे. एक चौकाचा तुकडा. खुंटी-खुंटी आणि भोक-भोक जोडतुकडे दोन-दोन. एक इंजिन, तीन डबे, चुंबक ओढून बघितलेले. वर एक झाकणाचा डबा, धाकटी उघडू शकणार नाही असा, तो विसरू नका. यात तुमचे सगळे पैसे संपणारही नाहीत, उरतील ते दिवाळीच्या पुलासाठी ठेवा आणि मिस्टरांना सांगा कार्ट रिकामं करा.

आणि वाढदिवसाच्या दिवशी सेट उघडू नका. केक, फुगे, सोसायटीतली बारा पोरं, त्या गर्दीत एखादा डबा कोणाच्या खिशातून जाईल आणि चुंबक सोफ्याखाली. पॅकिंग तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, धाकटी झोपलेली असताना, आबांना चहा देऊन खाली सतरंजीवर बसवा आणि सेटचं खोकं आजोबा-नातवाच्या मध्ये ठेवून तुम्ही स्वयंपाकघरात जा.